पाटीचा संकोच

आमचे शेजारी मुकुंदराव पागनीस यांच्या मोटारीची पुढची नंबरपाटी गाडी घरी येताच आत जाते. हे वाक्य मी पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. हँडब्रेक ओढला की पाटी मागे झुकते, कुरकुरत बंपरखालच्या पोकळीत शिरते आणि दिसेनाशी होते. हँडब्रेक सोडला की ती पुन्हा बाहेर येऊन ताठ उभी राहते. या यंत्राला मुकुंदराव 'संकोच' म्हणतात.

"संकोच म्हणजे आकुंचन, नाझरसाहेब. संस्कृत शब्द आहे. दुसरा काही अर्थ काढू नका."

मी जिल्हा न्यायालयात नाझर होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी गल्लीने माझे पद काढून घेतलेले नाही. मुकुंदराव तंत्रशाळेत मुलांना फिटरचे काम शिकवीत. ग्वाल्हेरच्या टोपी बाजाराच्या मागे आमची घरे लागून आहेत आणि मधली भिंत सामाईक आहे. त्यामुळे त्यांच्याकडे ठोकलेला प्रत्येक खिळा माझ्या कानातही ठोकला जातो.

मापाला ते 'नाप' म्हणतात. इथल्या मराठीत असे पुष्कळ शब्द हिंदीतून पाहुणे म्हणून आले आणि परत गेले नाहीत. आज उकडते आहे असे कोणी म्हटले की मुकुंदराव विचारतात, "नाप घेतलं का?" नया बाजारातल्या एका घरी सोयरिकीच्या बैठकीत मुलाच्या वडिलांनी मुलाची उंची पाच फूट अकरा इंच सांगितली. मुकुंदरावांनी खिशातून टेप काढला. पुढे ते लग्न झाले. आम्हांला आमंत्रण नव्हते.

यापूर्वी त्यांनी दूध उतू जाण्याच्या सुमारास घंटा वाजवणारे यंत्र केले होते. घंटा वाजे, पण दूध गेल्यानंतर. त्यांच्या पत्नी कुमुदवहिनी म्हणत, "असू दे. निदान गेल्याची खबर तरी मिळते."

गेल्या वर्षी वहिनी न्हाणीघरात पडल्या. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि हातात चार पायांचा वॉकर आला. डॉक्टरांनी निक्षून सांगितले, की रोज शंभर पावले चालले पाहिजे. चालल्या नाहीत तर पाय कायमचा आखडेल. त्या घरात चालण्याजोगी वाट एकच आहे. ती पडवीतून निघते, अंगणातल्या मोटारीच्या पुढून वळते आणि फाटकाशी पोहोचते. मोटार आणि भिंत यांच्यामधून वॉकर जेमतेम जाई. पण बंपर गोल असल्यामुळे पाटी सरळ बसावी म्हणून मुकुंदरावांनी पूर्वी स्वतःच एक भक्कम लोखंडी चौकट बसवली होती. ती चार बोटे पुढे आलेली होती. तिसऱ्या दिवशी वॉकर तिच्यात अडकला. वहिनींची नडगी सोलली, लुगडे फाटले. त्या पडल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्या बाहेर चालेनाशा झाल्या. पलंगापासून कपाटापर्यंत अकरा पावले, तीही मनात आले तर.

मी काही उपाय सुचवले.

"गाडी उलटी लावा."

"धूर स्वयंपाकघरात जातो."

"गल्लीत उभी करा."

"हातगाड्या कुठून जाणार?"

"चौकट काढून टाका."

"पाटी वाकेल. वाकडी पाटी कायद्यात बसत नाही."

"मग गाडीच विका."

यावर आतून वहिनींचा आवाज आला. "माझ्यासाठी या घरातला एक खिळाही हलवायचा नाही, भाऊजी. मी कुणाच्या वाटेत नाही आणि कुणी माझ्यासाठी वाट करायला नको. बिलकुल नको."

वाक्य मला उद्देशून होते, पण ऐकवले होते नवऱ्याला. मी घरी आलो. माझ्या घरातले सर्व खिळे जागच्या जागी आहेत. ज्याच्यासाठी ते हलवावेत असे कोणी आता घरात उरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारी काम सुरू झाले. टोपी बाजारातून टेबलाच्या खणाला लावतात ते सरकते चॅनेल आले, सायकलच्या ब्रेकची तार आली, बिजागऱ्या आणि स्प्रिंगा आल्या. विचारणाऱ्या प्रत्येकाला मुकुंदराव एकच कारण सांगत. "दिवसभर गाडी अंगणात उभी. तिथं तिला नंबर कुणाला दाखवायचाय? तुम्ही घरात छातीवर नावाची पाटी लावून बसता का?"

पहिल्या चाचणीत स्प्रिंगने पाटी भिंतीवरून माझ्या अंगणात फेकली. मी ती परत नेऊन दिली.

"कुठवर गेली होती?" त्यांनी विचारले. थोड्या वेळाने ते टेप घेऊन नाप घ्यायला आले.

वहिनी खिडकीतून सर्व पाहत होत्या. "गाडीला लाज फुटली म्हणे," त्या म्हणाल्या. "आता तिला एक पदरही शिवा. हौस बाकी राहायला नको."

मुकुंदराव मान खाली घालून पेच आवळत राहिले. खरे कारण सांगायला एक वाक्य पुरले असते. पण कारण सांगितले तर वहिनींनी यंत्र काढायला लावले असते, आणि लपवले तर ती वाट आपल्यासाठी मोकळी झाली आहे हे त्यांना कळणार नव्हते. यंत्र पूर्ण झाले, पाटी चौकटीसकट बिनचूक आत जाऊ लागली, अंगण मोकळे झाले. वहिनी मात्र कपाटाशी जाऊन परत फिरत. पाय आखडू लागला होता.

वहिनींच्या पायाच्या तपासणीच्या दिवशी दवाखान्यात मीही बरोबर गेलो. डिकीत अवजारे भरलेली असल्याने वॉकर तिथे मावत नाही. तो मांडीवर घेऊन मी मागच्या सीटवर बसलो. वहिनी पुढे बसल्या. मुकुंदराव शिस्तीचे चालक आहेत. लाल दिवा लागला की ते हँडब्रेक ओढतात. नया बाजाराजवळच्या चौकात त्यांनी तो ओढला. समोर वाहतूक पोलिसांचा एक तरुण जवान उभा होता. त्याच्या डोळ्यांदेखत पाटी आत गेली. दिवा हिरवा झाला आणि पाटी बाहेर आली.

जवानाने शिटी फुंकली आणि गाडी बाजूला घ्यायला लावली.

"चाचा, ये गाड़ी हमको जीभ दिखा रही है?"

मुकुंदरावांनी लायसन्स पुढे केले.

"फिर से करो।"

त्यांनी हँडब्रेक ओढला, सोडला. पाटी आत गेली, बाहेर आली. चार माणसे जमली. कचोरीवाला झारा हातात धरून पाहू लागला.

"कैमरे से बचने का जुगाड़ है?"

"नहीं साहब," मुकुंदराव म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. या माणसाने आयुष्यात एकदाही चुकीच्या बाजूने सायकलसुद्धा चालवलेली नाही. "इसको संकोच बोलते हैं।"

"संकोच तो हमको हो रहा है, चाचा। बनाया किसलिए, ये बताओ।"

अशा वेळी काय सांगावे हे न्यायालयात नोकरी केलेल्या माणसाला कळते. गाई शिंगे घासतात, पाटी वाकते, एवढे पुरे होते. मी ते सांगण्यासाठी पुढे वाकलो. पण मुकुंदराव समोरच्या काचेतून सरळ पाहत बोलू लागले होते.

"इनका वॉकर अटकता था। पाँव छिल गया। उस दिन से चलना छोड़ दिया इन्होंने। डॉक्टर बोले हैं, नहीं चलेंगी तो पैर जाम हो जाएगा। इनको निकलने का रास्ता चाहिए था, और ये किसी से कुछ माँगती नहीं। तो मैंने बना दिया। बस।"

इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांना एवढे सलग बोलताना मी ऐकले नव्हते. मराठीत ते हे बोलू शकले नसते. मराठीत समोर वहिनी असत. हिंदीत समोर फक्त पोलीस होता. वहिनींना दोन्ही भाषा येतात याचा त्या क्षणी त्यांना विसर पडला असावा.

जवानाने वहिनींकडे पाहिले, मग माझ्या मांडीवरच्या वॉकरकडे. "सड़क पर बाहर ही रखना, चाचा। यहाँ अंदर गई तो चालान काटूँगा।" एवढे बोलून त्याने आमच्यासाठी पलीकडची रहदारी हाताने थांबवली.

दवाखान्यापर्यंत आणि तिथून घरापर्यंत वहिनी बाजूच्या खिडकीतून बाहेर पाहत होत्या.

अंगणात गाडी थांबली. मुकुंदरावांनी सवयीने हँडब्रेक ओढला आणि पाटी आत गेली. ते घाईने उतरले, बॉनेट उघडले आणि त्यात डोके घालून उभे राहिले. मी वॉकर वहिनींसमोर ठेवला. त्या पडवीकडे वळतील असे मला वाटले. त्या फाटकाच्या दिशेने निघाल्या.

चाल सावकाश होती. मोटार आणि भिंत यांच्यामधून वॉकर कुठेही न लागता गेला. फाटकाला हात लावून त्या परत आल्या, पडवीशी पोहोचल्या आणि पुन्हा निघाल्या. मी चपला घालण्याचे निमित्त करून उभा राहिलो. चपला मी काढल्याच नव्हत्या. दुसऱ्या खेपेस मोटारीपुढच्या वळणावर वहिनी थांबल्या.

"अहो."

"हं."

"ही पाटी अजून दोन बोटं मागं सरकेल का? मला वळताना जरा अडचण होते."

'मला' हा शब्द वहिनींच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होतो.

"सरकेल," मुकुंदराव बॉनेटच्या आतूनच म्हणाले. "उद्याच करून देतो."

इंजिनात बिघाड काही नव्हता. तरी डोके बाहेर काढायला त्यांना बराच वेळ लागला.