जळकोटची एकनळी

हलगीवाला दवंडी देत पेठेत शिरला तेव्हा कल्याणप्पा आपल्या दुकानात शेंगदाणे जोखत होते.

"ऐका हो ऐका! ज्याच्या घरात बंदूक असंल, परवान्याची असो का बिनपरवान्याची, त्यानं उद्या सकाळी चावडीवर पोलिसाच्या अमीनसाहेबांपुढं आणून नोंदवावी हो! जो लपवून ठेवील त्याची रवानगी तुळजापूरच्या कोठडीत हुईल हो!"

कल्याणप्पांच्या हातातला तराजू कलला आणि शेंगदाणे भुईवर सांडले. एकाही गिऱ्हाइकाने तिकडे पाहिले नाही, कारण सगळे वर बघत होते. कल्याणप्पांच्या गादीच्या वर, भिंतीतल्या दोन खुंट्यांवर, लाल खारव्याच्या जाड कापडात गुंडाळलेली एक लांबलचक वस्तू कित्येक वर्षे आडवी पडून होती. अख्खे जळकोट तिला 'अप्पांची एकनळी' म्हणत असे.

ती बंदूक नव्हती. ती फुंकणी होती.

झाले होते असे, की कल्याणप्पांच्या बायकोला, गौराबाईंना, चुलीच्या धुराने खोकल्याची उबळ यायची. अप्पांचा बायकोवर जीव फार, पण अक्कल बेताची. फुंकणी आखूड, म्हणून चुलीत तोंड घालावे लागते, म्हणून धूर लागतो; मग फुंकणीच लांब केली की बाई आपोआप धुरापासून लांब राहील, असे त्यांचे गणित. सोलापूरच्या लोहाराकडून त्यांनी पुरुषभर लांबीची लोखंडी फुंकणी करून घेतली. परतताना निजाम सरकारच्या करोडगिरीच्या जकात नाक्यावर कारकुनाने विचारले, हे काय? अप्पांनी भाबडेपणाने खरे ते सांगितले. कारकून इतका हसला, की शिपायाला त्याच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या. तेव्हा गावात आणखी शोभा नको म्हणून, वह्या बांधायला घेतलेल्या खारव्यात अप्पांनी ती फुंकणी गुंडाळली आणि मान खाली घालून पेठेतून घरी आणली.

गौराबाईंनी ती उलगडून पाहिली आणि विचारले, "हिला धरून म्या बसू कुठं? शेजारणीच्या घरात?" त्याच दिवशी फुंकणी खारव्यात परत गेली आणि खुंटीवर चढली.

आता सोलापूर म्हणजे इंग्रजी मुलूख. तिकडून आणलेली लांब वस्तू, कापडात झाकलेली, आणि विचारले तर अप्पा गप्प. गावाने काय ते समजून घेतले. अप्पांनीही 'नाही' म्हटले नाही, कारण फुंकणी आहे असे सांगण्यापेक्षा बंदूक आहे असे न सांगणे सोपे होते. पुढे तर त्यांना ते गोड वाटू लागले. आसपास दरोड्यांच्या बातम्या येत, पण जळकोटच्या पेठेत कोणी कडीला हात लावला नाही. लग्नात अप्पांना पहिला पाट मिळू लागला. खंडेनवमीला पेठेतले लोक एकनळीला झेंडूचे हार आणत आणि अप्पा तराजू-मापांशेजारी तिची पूजा मांडत. खारवा मात्र कधी सोडत नसत.

दवंडी पुढच्या गल्लीत पोचेपर्यंत दुकानाचा कट्टा भरला.

"नोंदवायची बिलकूल न्हाय," दगडोबा म्हणाला. हा शेजारचा शेतकरी. त्याच्याच्याने घरातला उंदीर मारवत नसे, पण मते मात्र नेहमी कडक. "उद्या दरोडा आला तर त्येला काय परवाना दावायचा? ज्येचा जीव त्येनंच राखाया पायजे."

"अरं, नोंदवा म्हणत्यात, देऊन टाका कुठं म्हणत्यात?" मठात पुराण सांगणारे शांतलिंगअय्या म्हणाले. "कुणाच्या घरात काय हाय ते सरकारला ठावं असलेलं बरं. भावाभावांत बांधावरनं जुंपली अन् एकानं बंदूकच काढली मंजी?"

"व्हय, अन् सरकारला ठावं झालं की पयलं त्येच दार वाजतंय. आज नोंदवा, उद्या जमा करा!"

"पर दरोडेखोराच्या हातात बी बंदूक, तुझ्या हातात बी बंदूक. मग तुझ्यात अन् त्येच्यात फरक काय ऱ्हायला?"

"फरक न्हाय कसा? अय्या, त्यो माझ्या घरात आलाय, म्या त्येच्या घरात गेलो न्हाय!"

अय्या कल्याणप्पांकडे वळले. "तुमचं काय म्हणणं हाय अप्पा? बंदूक तुमची हाय."

कल्याणप्पांची मात्र दोन्हीकडून कोंडी झाली होती. चावडीवर जावे तर खारवा सुटणार आणि इतक्या वर्षांची अब्रू एका फुंकरीत उडणार. न जावे तर कोठडी ठरलेली, कारण अप्पांकडे बंदूक आहे हे गावातल्या तान्ह्या पोरालाही माहीत होते. शेवटी कोठडीपेक्षा हसे परवडले, म्हणून त्यांनी मन घट्ट केले.

"गड्यांनो, आज खरं सांगतो. माझ्याकडं बंदूक न्हाय. ती फुंकणी हाय."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. मग दगडोबाने मांडीवर थाप मारली.

"वा अप्पा! काय डोस्कं हाय! अमीनाला हेच सांगायचं!"

"आरं, खरंच फुंकणी हाय!"

"अस्संच! तोंड बी अस्संच करायचं! लई झ्याक!"

"खोटं बोलाया माझं मन घेत न्हाय," अय्या पुटपुटले, "पर कोठडीपरीस फुंकणी बरी." आणि संध्याकाळपर्यंत घरोघर निरोप पोचला, की अमीनाने काहीही विचारले तरी अप्पांकडे फुंकणीच आहे असे सांगायचे.

दुसऱ्या दिवशी अमीनसाहेब चावडीवर येऊन बसले. लाल तुर्की टोपी, पिळदार मिशा, शेजारी जमादार. बसल्या बसल्या त्यांनी कोतवालाकडे पाणी मागितले.

"आणतो की साहेब," कोतवाल म्हणाला, "पर अप्पांकडं फुंकणीच हाय."

"क्या?"

"फुंकणी हाय, साहेब," चावडीवरचे सगळे एका सुरात म्हणाले.

अमीनसाहेबांनी मिशीवरचा हात काढला. "मैं तो अभी कुछ पूछाच नहीं. कौन है ये अप्पा?"

कल्याणप्पा ते लाल गाठोडे छातीशी धरून पुढे आले. खारवा सुटला. काळी, सरळ, लांब लोखंडी नळी बाहेर आली आणि गर्दीतून आदराचा सुस्कारा उठला. अमीनाने तिच्यात डोळा घालून पाहिले. आत अंधार.

"नली तो मिली. दस्ता किधर है? घोडा किधर छुपाया?"

"साहेब, फुंकणीला दस्ता नसतोय."

"चूल्हा फूँकने कू इत्ती लंबी नली?"

"बायकोला धूर लागतोय, साहेब. खोकती लई. म्हून जरा लांबची केली."

अप्पांच्या डोळ्यांत खरोखरचे पाणी आले होते. मागे दगडोबा शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "बघितलंस? रडून दावतोय! मानलं गड्याला!" अमीनाने मात्र मानले नाही. "बाकी की बंदूक कहाँ है वो तुळजापूर में बोलेगा," असे म्हणून त्यांनी खूण केली आणि जमादाराने बेड्या काढल्या.

तेवढ्यात चावडीच्या पायरीशी डोक्यावरचा पदर सावरत गौराबाई उभ्या राहिल्या. "साहेब, बेड्या मागनं घाला. आदी घरी चला. फुंकून दावते."

मग पुढे गौराबाई, मागे नळी घेतलेला जमादार, त्यामागे अमीनसाहेब आणि सगळ्यांमागे अख्खे गाव अशी मिरवणूक अप्पांच्या परसात आली. न्हाणीच्या पाण्याची चूल तिथेच होती. वर झाकण घातलेला हंडा, खाली धुमसती लाकडे. गौराबाई पार तुळशीपाशी बसल्या तेव्हा कुठे नळीचे दुसरे टोक चुलीत पोचले. काही लबाडी नको म्हणून अमीनसाहेब स्वतः चुलीजवळ उकिडवे बसले आणि वाकून बघू लागले.

गौराबाईंनी फुंकले. काही झाले नाही. पुन्हा फुंकले. नळीतून वाराही आला नाही.

"फूक की गं, माझे आई," कल्याणप्पा हात जोडून म्हणाले.

कोणाला ठाऊक नव्हते, पण इतक्या वर्षांत एका कुंभारीण माशीने त्या नळीत मातीचे घर बांधले होते. गौराबाईंनी एकवार नवऱ्याकडे पाहिले. आजवर पोटात गेलेला धूर, पहिल्या पाटावर जेवणारा नवरा आणि दर खंडेनवमीला फुंकणीसमोर फोडावा लागलेला नारळ, असे सगळे त्यांच्या छातीत भरून आले. त्यांनी गाल फुगवले आणि जीव खाऊन फुंकर घातली.

फाट्!

मातीचा गोळा सुटला आणि सरळ विस्तवात घुसला. राखेचा लोट उठला, ठिणग्या उडाल्या, हंड्यावरचे झाकण खणखणत परसभर गडगडले. अमीनसाहेब पाठीवर आडवे झाले आणि त्यांची तुर्की टोपी शेणाच्या पाटीत जाऊन पडली.

"चली! गोली चली!" ते ओरडले. जमादार भुईसपाट झाला होता. दगडोबा "बार झाला! बार झाला!" करत वेशीपर्यंत पळाला.

राख खाली बसली तेव्हा अमीनसाहेब उठले. त्यांच्या मिशा पांढऱ्याफेक झाल्या होत्या. चुलीतले मातीचे ढेकूळ त्यांना दिसले. नळी बघितली. मग त्यांनी भोवती पाहिले, तर सारे गाव त्यांच्याकडेच बघत होते. ही फुंकणी ठरली, तर निजाम सरकारचा अमीन एका बाईच्या फुंकरीने उताणा पडला असे होणार. बंदूक ठरली, तर तोच अमीन गोळीच्या तोंडातून वाचला होता. कल्याणप्पांनी जो विचार करायला काही वर्षे घेतली, तो साहेबांनी मिशा झटकता झटकता केला.

"बंदूक है," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "लिखो जमादार. एकनली. बगैर बारूद की. मुँह से चलती."

"मुँह से, हुजूर?"

"लिखो!"

कल्याणप्पांचा जीव भांड्यात पडला. कोठडी टळली आणि अब्रूही राहिली. ते छाती काढून पुढे झाले. "नाव लिव्हा साहेब. कल्याणप्पा..."

"तुम चलाए क्या?"

"म्या? न्हाय."

"कौन चलाया?"

अप्पांनी निमूटपणे बायकोकडे बोट केले.

"तो परवाना बाई के नाम. उनकी इजाजत बगैर कोई हात लगाया तो सीधा अंदर." असे बजावून अमीनसाहेबांनी टोपी झटकली आणि ते गेले. जाताना त्यांनी गौराबाईंना सलाम ठोकला.

त्या दिवसापासून 'अप्पांची' एकनळी 'गौराबाईंची' झाली. दगडोबा मात्र खरी बंदूक अप्पांनी कुठे पुरली आहे ते आपल्याला माहीत असल्याचे सांगत फिरायचा. लग्नाच्या पंगतीत बायकांकडचा पहिला पाट गौराबाईंना मिळू लागला, आणि हत्यार तिथे त्याचा मालक पाहिजे असा कायदा काढून त्या दुकानातल्या गादीवर, एकनळीच्या बरोबर खाली, बसू लागल्या. अमीनाने दिलेला कागद त्यांनी शेजारी चौकटीत लावला होता. जोखायचे काम त्यांनाच चांगले जमते हे गिऱ्हाइकांच्याही ध्यानात आले.

गादीवर बसलेल्या माणसाला चुलीपाशी जाता येत नाही. त्यामुळे भाकरीच्या वेळी आत आखूड फुंकणी घेऊन कल्याणप्पा बसत. एके सकाळी ओली लाकडे लागली, चुलीत तोंड घालून घालून त्यांचे डोळे लाल झाले आणि खोकल्याची अशी उबळ आली, की ते धडपडत दुकानाच्या दारात आले.

"अगं," ते डोळे पुसत म्हणाले, "ती लांबची फुंकणी जरा दे की."

गौराबाईंनी तराजूचा काटा स्थिर होऊ दिला आणि मग मान वर केली.

"परवाना हाय का तुमच्याकडं?"