सुखापूर पेठेस आगगाडीचा थांबा जाहला त्याची हकीकत

॥ श्रीमार्गेश्वर प्रसन्न ॥

जो वाट दाखवितो आणि वाट पाहावयासही लावितो, त्या देवास नमन. अंग थकलें, डोळे शिणले, तथापि सांगणें प्राप्त जाहलें म्हणोन सांगणें. शके एकोणीसशें चाळीस, विलंबीनाम संवत्सरे, चैत्र शुद्ध पक्षीं या प्रकरणास आरंभ जाहला. संवत्सराचें नांवच विलंबी, तेव्हां पुढें काय वाढून ठेविलें आहे हें शहाण्यानें तेव्हांच ओळखावें. परंतु पेठेंत तेव्हां शहाणा होता कोण? राज्य कोणतें आणि राजा कोण, हें पुसूं नये. राज्यें सारीं सारखींच.

त्या राज्याची राजधानी राजनगर, आणि राजनगराबाहेर उपनगरीं सुखापूर म्हणोन पेठ होती. पेठ नामांकित. लग्न ठरलें कीं बस्ता बांधावयास सुखापुरासच जावें, ऐसा चहूं मुलखीं रिवाज. बस्ता म्हणजे लग्नाचें सारें कापड एकाच दुकानीं बसोन घेणें, आणि घेणारा कधीं एकटा येत नाहीं. वधूपक्ष येतो आणि वरपक्ष येतो आणि ज्यास कापडांतलें ओ कीं ठो कळत नाहीं तो मामाही येतो, मग शालू उलगडावे, मग मामी रुसावी, मग चहा यावा आणि मामी हसावी, आणि दुकानदारानें सगळ्यांस जेवूं घालोन वाटे लावावें. त्या गर्दीवर कासार जगे, तांबट जगे, भेळवालाही जगे. परंतु आगगाडी पेठेचे शिवारांतून जाई ती शीळ घालीत जाई, थांबत नसे. उतरावयाचें तें दोन कोस पुढें, आणि तेथोन गठ्ठे, पोरें, मामी इतकीं घेऊन उन्हांत चालत यावें. तशांत राजनगरांत काचमहाल म्हणोन नवा बाजार उभा राहिला, आंत थंड वारा आणि आपोआप चढणारे जिने, आणि आगगाडी थेट त्याचे दारीं. मग बस्ते तिकडे वळले. पेठेंत दुकानदार एकमेकांचे तोंडाकडे पाहात बसूं लागले.

पेठेचे शेटे नथूशेट कोठावदे. शेटे म्हणजे पेठेचा वडील, मान पहिला आणि शिव्याही पहिल्या. लुगड्याशालूंचें वडिलोपार्जित दुकान, कुटुंब ठकूबाई, आणि जगन्नाथ म्हणोन एकुलता एक लेक, त्याची बायको इंदुमती आणि पोरें. एके दिवशीं जगन्नाथ गादीवरोन उठोन बोलिला जे, “आबा, सकाळपासून बसलोय आणि गिऱ्हाईक म्हणून एक माशी आली, तीही काही न घेता गेली. येत्या लग्नसराईपर्यंत गाडी इथं थांबायला लागली तर राहतो. नाहीतर मी राजनगरात गाळा बघतो. मलाही पोरंबाळं आहेत.” हें ऐकोन नथूशेट मनांत हिशेब करूं लागले. लेक गेला तर दुकान उघडावें कोणासाठीं आणि पेठेनें तरी कोणाकडे पाहावें? शेट्याचाच पोरगा गेला म्हटल्यावर मागें कोण राहतो? मग उसनें अवसान आणोन बोलिले, “तू जागचा हलू नकोस. गाडी मी आणतो.” बोलोन तर गेले. मग रात्रभर कूस बदलीत राहिले.

मग नथूशेट यांणीं शेजारचे दुकानींचा वामन तांबट सवें घेतला आणि दरबारीं रुजू जाहले. त्या दरबाराचा रिवाज ऐसा जे, धन्याचे मुखांतून शब्द एकदांच निघावा, आणि “काय म्हणालांत?” ऐसें फिरोन पुसणें हा गुन्हा मोठा. महाराज भोजनास निघाले होते, एक पाय जोड्यांत आणि एक बाहेर, तेव्हां नथूशेट यांणीं मुजरा करोन अर्ज केला कीं, पेठेस आगगाडीचा थांबा असावा आणि थांब्यापासोन पेठेपर्यंत ट्राम असावी, म्हणजे गिऱ्हाईक येईल आणि पेठ जगेल. लोहमार्गाचे कारभारी पुढें होऊन हात जोडोन पुसते जाहले, “महाराज, सुखापूरकरांस काय द्यावें?” महाराजांनीं दुसरा पाय जोड्यांत घातला, “थांबा,” इतकेंच बोलिले, आणि जेवावयास गेले.

बाहेर येतांच नथूशेट यांस आभाळ ठेंगणें जाहलें. तांबट मात्र डोकें खाजवीत बोलिला, “शेट, महाराजांनी थांबा दिला, का थांबायला सांगितलं?” “अरे, काय द्यावं असं विचारलं ना? त्यावर थांबा म्हणाले. म्हणजे थांबा दिला! एवढंही कळत नाही?” “नाही, मला आपली म्हण आठवली. सरकारी काम, सहा महिने थांब.” “वामन्या, तुझ्या जिभेला काही हाड! चल, पेढे घे.” आणि पेढे वाटीत वाटीतच पेठेंत आले. मग ढोल वाजले आणि गुलाल उधळला आणि जगन्नाथानें बांधाबांध केलेली ट्रंक सोडोन कपडे पुनः खुंटीस लाविले. तें पाहोन ठकूबाईंनीं पदरानें डोळे पुसिले.

मग पेठकरांनीं घमेलीं उचलोन तांबटाचे कांद्याचे शेतालगत फलाट बांधिला. थांबा जाहला ऐसी बातमी ट्रामखात्याचे कारभारी यांचे कानीं गेली. सबंध राज्यांत उत्साही कारभारी काय तो एकच, आणि तो नेमका येथें भेटावा हें पेठेचें नशीब. त्याणें कोणास न पुसतां पेठेचे चौकापासोन फलाटापर्यंत रूळ टाकिले आणि पिवळी ट्राम सुरू केली, घंटा काय, गाद्या काय, खिडक्यांस पडदे काय. वरात आधीं आणि घोडें मागाहून! मग सुमुहूर्त पाहोन सारी पेठ त्या ट्रामेंत बसोन फलाटीं गेली, सुवासिनींचे हातीं आरत्या, नथूशेट यांचे हातीं हार, आणि आगगाडी लांबोन दिसूं लागली. आली, आली, ऐसें सारे ओरडले. ती आली तैसीच शीळ घालीत गेली. आरत्या विझल्या आणि हाराची फुलें उडालीं आणि नथूशेट यांचें पागोटें कांद्यांत जाऊन पडलें. कोणी हंसलें नाहीं. जगन्नाथ पागोटें झटकोन आणिता जाहला आणि बापाचे हातीं देऊन ट्रामेंत जाऊन बसला.

मग लोहमार्गाचे कारभारी यांजकडे खेपा. ते बोलिले, “शेट, थांबा म्हणजे धीर धरा, असं महाराज म्हणाले.” “नव्हे हो, थांबा म्हणजे गाडीचा थांबा.” “धीर.” “थांबा.” “धीर!” “मग महाराजांनाच विचारा की एकदा.” “फिरून विचारू? तुम्हांला तुमचं मुंडकं जड झालंय, का माझं?” विलंबी गेला, विकारी आला, शार्वरी, प्लव, नांवें तरी किती सांगावीं, सांगतां सांगतां जीभ जड होते. ट्राम मात्र चाले. सुरू करावयास हुकूम लागला नव्हता, बंद करावयास लागत होता, आणि तो देणार कोण? मग म्हातारीं माणसें हवा खावयास तींत बसूं लागलीं आणि तांबटाच्या शेळ्याही शेतापर्यंत जाऊं येऊं लागल्या. प्रत्येक लग्नसराईस जगन्नाथ ट्रंक भरी आणि नथूशेट म्हणत, “एवढी एक सराई बघ,” आणि तो बापाचें तोंड पाहोन ट्रंक सोडी. एकदां ठकूबाई बोलिल्या, “अहो, पोराला किती दिवस असं आशेवर वाळत घालणार? त्याच्याकडं बघवत नाही मला.” नथूशेट बोलिले, “मग काय त्याला जा म्हणू? माझ्या तोंडानं?” ठकूबाई उठोन चुलीकडे गेल्या.

ऐसें चालतां चालतां क्रोधी संवत्सर आलें आणि लोहमार्गाचे कारभारी यांचे कन्येचें लग्न ठरलें. बस्ता काचमहालांत बांधावा ऐसा कारभारी यांचा मनसुबा. परंतु कारभारीणबाई बोलिल्या, “माझा शालू सुखापूरचा, माझ्या आईचा सुखापूरचा, आणि लेकीचा त्या काचेतला? लोक तोंडात शेण घालतील!” मग उभय पक्षांचीं माणसें आगगाडींत बसलीं आणि सुखापूरचा फलाट दिसतांच बाई पिशवी घेऊन उठल्या. कारभारी बोलिले, “खाली बसा. इथं गाडी थांबत नाही.” “कोणाच्या हुकमानं?” “माझ्याच.” “मग मी काय तुमच्या मामींना घेऊन दोन कोस उन्हात चालू? त्यांच्या गुडघ्यांचं कोण बघणार, तुमचा हुकूम? थांबवा म्हणते ना!” गाडी थांबली. ज्या हुकमास राज्यांत कोणी हात लावूं शकला नव्हता, तो मामीच्या गुडघ्यांनीं मोडिला. त्या राज्यांत एकदां घडलें तो अपवाद, आणि दोनदां घडलें ती वहिवाट, आणि वहिवाट मोडावयास खुद्द महाराजांसही अधिकार नाहीं. आणि बस्ता एका खेपेंत आजवर कोणाचा संपला आहे? शालूचा रंग मामींस घरीं गेल्यावर आवडेनासा जाहला, मग बदलावयास सारीं फिरोन आलीं, मग गाडी फिरोन थांबली. वहिवाट पडली. कारभारी कपाळास हात लावोन बसले.

नथूशेट यांणीं त्या दिवशीं साखर वांटिली, मामींस चोळीचा खण फुकट दिला, आणि फलाटाकडे ज्यास त्यास बोट करोन दाखवीत राहिले. त्याच वेळीं कारभारीणबाई जगन्नाथास बोलिल्या, “एवढं देखणं कापड, बोलणंही गोड, आणि इथं कशाला धूळ खात बसलात? काचमहालात आमच्या ओळखीचा गाळा रिकामा आहे. मनात असेल तर सांगा.” जगन्नाथ शालूची घडी घालीत राहिला, हो म्हणाला नाहीं आणि नाहींही म्हणाला नाहीं. इंदुमतीनें मात्र नवऱ्याकडे पाहिलें. नथूशेट यांचें चित्त फलाटापाशीं. त्यांस यांतलें अक्षर ऐकूं गेलें नाहीं.

मग नित्याचे थांब्याचा मुहूर्त ठरला आणि फलाटास तोरणें लागलीं. आदले दिवशीं जगन्नाथानें बापास गांठोन काचमहालांतला गाळा घेतल्याचें सारें सांगितलें. नथूशेट ऐकोन घेते जाहले आणि हातांतलें पागोटें गुंडाळूं लागले. मग बोलिले, “अरे, गाडी आली ना आता. तुझ्यासाठीच आणली.” जगन्नाथ बोलिला, “आबा, इतकी वर्षं तुमच्याकडं बघून राहिलो. आता माझ्याच्यानं होत नाही.” मुहूर्ताचे दिवशीं ट्राम खचाखच भरोन आली, ढोल वाजूं लागले, आणि आगगाडी खरोखरीच येऊन सुखापुरास उभी राहिली. दारें उघडलीं. नथूशेट हार घेऊन पुढें जाहले. आंतोन उतरला एक चहावाला आणि त्याचे मागोमाग स्टेशन चुकलेला एक गृहस्थ, तो चूक ध्यानीं येतांच फिरोन आंत चढला. आणि इकडोन सारी पेठ, नवीं लुगडीं नेसलेली, हातीं पिशव्या घेतलेली, लोटालोट करीत गाडींत चढूं लागली. कासारीण चढली आणि भेळवाला चढला आणि वामन तांबटही जातां जातां बोलिला, “रागावू नका शेट, तो आपोआपचा जिना एकदा बघून येतो.” जगन्नाथ, इंदुमती, पोरें आणि कापडाचे गठ्ठे, सारे एकाच डब्यांत. जगन्नाथ वाकोन पाया पडला आणि बोलिला, “आबा, तुम्ही गाडी थांबवली म्हणून जमलं. एवढे गठ्ठे मी बैलगाडीनं कुठं नेले असते?” बोलिला तो मनापासोन बोलिला, त्यांत खोंच तिळमात्र नव्हती, आणि तेंच नथूशेट यांस फार लागलें. तितक्यांत गार्डानें शीळ दिली. एक गठ्ठा खालींच राहिला होता. गाडी थांबते ती किती थोडका वेळ, हें शेट्यांइतकें ठाऊक कोणास? मग हातींचा हार गळ्यांत अडकवोन त्यांणीं तो गठ्ठा आपण होऊन उचलिला, गुडघा टेंकवोन वर सारिला, आणि “नीट धर रे, शालू आहेत,” इतकेंच बोलिले. गाडी हलली. परतीचे ट्रामेंत उभयतांशिवाय चालक तेवढा होता. ठकूबाईंनीं नवऱ्याचे गळ्यांतला हार काढोन मांडीवर घेतला.

एवं सुखापुरास आगगाडीचा थांबा जाहला आणि ट्रामही जाहली, दोन्हींची वेळ चुकत नाहीं. जगन्नाथाचा गाळा बरा चालतो. सणावारीं येतो, सांजचे गाडीनें परत जातो. नथूशेट यांचें दुकान उघडें असतें. ज्यास पाहणें असेल त्याणें यावें. गाडींत बसावयास जागा हवी तितकी मिळेल. इति.