पेठेंत आगगाडी कैसी आली नाहीं

श्री सर्वसाक्षी प्रसन्न. शके सत्राशें अडुसष्ट, पराभवनाम संवत्सरीं, विलायतेस टोपीकरांचे मुलखीं उत्तरेकडे एक पेठ होती, तेथील वर्तमान ऐसें जे: पेठ लहान, दगडी, भोंवतीं डोंगर, आणि बुधवारीं बाजारास मेंढरें ऐसीं उतरत कीं ढगच पेठेंत शिरला म्हणावें, आणि लोक इमानी, परंतु बोलण्याचे बहुत कंजूष. नवरी कैसी पुसिलें तर "वाईट नाही" म्हणत, आणि याहून थोर स्तुति त्या मुलखीं कोणीं ऐकिली नव्हती. मग आगगाडीचा रस्ता आंखावयास राजधानीहून एक साहेब घोड्यावर बसोन आले, आणि हॅनाबाई डिन्सडेल यांचे खाणावळींत उतरले, आणि बाजाराचे चौधरी इनॉक ब्रेथवेट यांस पुसते जाहले, "काय चौधरी, गाडी हवी की नको? नको तर पलीकडच्या गावाला नेतो." गाडीवांचून बाजार बुडेल या घोरानें चौधरींस झोंप नव्हती, आणि ते बहुत विचार करोन बोलिले, "आली तर अडचण नाही." साहेबांनीं तो नकारच समजोन मान हलविली, नकाशे गुंडाळिले आणि घोडा हांकिला.

हॅनाबाई कळवळोन म्हणाल्या, "अहो चौधरी, तोंड उघडा की! हा बाबा आपला बाजार घेऊन निघाला!"

"आरडाओरडा कशाला? सांगितलं की मी."

"डोंबल सांगितलंत! धावा!"

मग चौधरी, शरीरें स्थूल, तरी दारापाशीं दिसलें तें बगलेंत मारोन, टोपी सांवरीत, चिखल तुडवीत धांवले, आणि चौधरी चारा घालणार ऐसें समजोन बाजारास उतरलेला मेंढरांचा अवघा कळप मागें धांवला, आणि साहेबांस वाटलें फौज चालोन आली, मग तेही घोडा पिटाळते जाहले. पुलापाशीं घोडा अडला, तेथें गांठ पडली.

"काय हवंय काय तुम्हांला?" साहेब दरडावोन बोलिले.

चौधरींचें मुख लाल, ओंठ दोनदां हालले, आणि बगलेंतील वस्तु पुढें करोन बोलिले, "आपली छत्री राहिली होती." मग सलाम केला आणि कळपासहित परतले.

"सांगितलंत ना?" बाईंनीं पुसिलें.

"अंमळ सुचवलं."

गाडी पलीकडचे गांवास गेली, आणि मग बाजारही गेला, आणि बुधवारीं चौकांत चार म्हातारे, लोण्याची एक टोपली आणि उन्हांत निजलेलें कुत्रें इतुकेंच राहिलें. चौधरी वृद्धापकाळीं रोज सायंकाळीं "मेंढरं बघून येतो" म्हणोन टेकडीवर जात. त्या अंगास मेंढरें नव्हतीं. दुरोन आगगाडी जातांना दिसे. अवघ्यांस ठाऊक होतें, कोणीं पुसिलें नाहीं.

इतुकें पेठेचें वर्तमान. अधिक बोलणें त्या मुलखीं शोभत नाहीं.