सर्व्हरच्या खोलीतला चोर

आधीच सांगून ठेवतो, सर्व्हरमधलं मला जेवढं कळतं तेवढं आमच्या ऑफिसात कुणाच्या बापाला कळत नाही! म्हणूनच तर त्या खोलीची किल्ली माझ्या खिशात असते. म्हणजे, असायची.

नवा सर्व्हर आला तेव्हा साहेबांनी विचारलं, "नेटवर्कसाठी वेगळं कार्ड लागेल का?"

"छे हो! जोडणी त्याच्या अंगातच आहे. घराला नंबर असतो तसा तिला एक पत्ता द्यायचा, वायर खोचायची. चहा गार व्हायच्या आत करतो!"

"बघा बुवा. संध्याकाळी पुलाचे नकाशे त्याच्यावरून गेले पाहिजेत. नाहीतर किल्ली मेहुण्याकडे!"

मेहुणा म्हणजे साहेबांचाच मेहुणा. आमच्याकडे नकाशे काढतो आणि उगाचच हसतो. उगाच हसणाऱ्या माणसावर माझा काडीचा विश्वास नाही.

मी पडलो काटेकोर. भाजी वाढायच्या आधी चाखतात ना, तसा तो पत्ता आधी माझ्या लॅपटॉपला देऊन पाहिला. झकास चालला! मग तोच सर्व्हरला दिला. हिरवा दिवा लुकलुकला. ऐटीत जागेवर आलो, लॅपटॉप उघडला, आणि बाहेर एकच गलका!

"सर्व्हर गेला!"

लॅपटॉप मिटून धावलो. (उठताना मी तो मिटतोच. लोक डोकावतात!) बघतो तर सर्व्हर ठणठणीत! परत आलो, लॅपटॉप उघडला. "पुन्हा गेला!" धावलो. ठणठणीत!

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी खोलीत असलो की चालतो, पाठ फिरवली की बंद पडतो. म्हणजे कुणीतरी टपून बसलंय! त्यात लॅपटॉपवर चक्क सूचना आली: हा पत्ता नेटवर्कवर दुसरं कुणीतरी वापरत आहे. घ्या! आता यंत्रसुद्धा साक्ष द्यायला लागलं! मी मेहुण्याकडे पाहिलं. तो हसला.

रिसेप्शनवरच्या ताईंकडून पावडरचा डबा मागून घेतला.

"अंगाला लावायची आहे?"

"चोराला!" म्हणालो, आणि खोलीच्या दारात भुरभुरवली. आता पाऊल उमटल्याशिवाय राहतंय कुठे! जागेवर जाऊन लॅपटॉप उघडला. "गेला!" धावलो, आणि त्याच पावडरीवरून सर्रकन घसरून थेट सर्व्हरच्या पायाशी लोटांगण घातलं. पावडरीत फक्त माझाच ठसा होता, तोही आडवा. काय बनेल चोर!

उन्हं कलायला लागली तसा माझा जीव टांगणीला लागला. शेवटी साहेबांसकट सगळ्यांना त्या खोलीत कोंबलं.

"साहेब, बघा! सगळे माझ्या नजरेसमोर आहेत, तर कसा मुकाट चालतोय! चोर यांच्यातलाच आहे. नाव मी घेत नाही," असं म्हणून मी मेहुण्याकडे बोट दाखवलं.

साहेब म्हणाले, "ठीक आहे. आम्ही सगळे याच्यावर डोळे रोखून उभे राहतो. तुम्ही जागेवर जाऊन बघा."

गेलो. लॅपटॉप उघडला.

"गेला!" आतून सगळे एका सुरात ओरडले.

"कुणी हात लावला?" मी तिथूनच गरजलो.

"कुणीच नाही!" मेहुणा म्हणाला. "आम्ही सगळे इथेच आहोत. फक्त तुम्ही नाही!"

साहेब माझ्या टेबलाशी आले. पडद्यावरची सूचना त्यांनी सावकाश वाचली. मग लॅपटॉपचा पत्ता बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"अहो, सर्व्हरचाच पत्ता तुमच्या लॅपटॉपलाही राहिलाय! एका नंबरची दोन घरं. हे उघडलं की टपाल तिकडे पोचणार कसं?"

मेहुण्याने हलक्या हाताने माझा लॅपटॉप मिटला. नकाशे सुरळीत गेले. किल्लीही गेली.

घरी पोचलो तर बायको दारातच उभी. दुपारी फोनवर तिला सगळं रंगवून सांगितलं होतं ना!

"सापडला का हो चोर?"

"सापडला."

"बाई गं! कोण निघाला?"

"आपल्या ओळखीतलाच आहे," मी चपला काढत म्हणालो. "जेवायलाही आपल्याकडेच असतो."