दोन गोण्या आणि एक किलो तूरडाळ

आमच्या वरच्या मजल्यावरचे सेतुमाधवमामा रोज सकाळी सहाला तांदूळ फिरायला न्यायचे. चेष्टा नाही! व्हीलचेअरवर पंचवीस किलोच्या दोन गोण्या, वर एक किलो तूरडाळीची पुडी, सगळ्यावरून आवळलेला पट्टा, आणि मामा ते ढकलत तळ्याकाठच्या बागेत. मी बदली होऊन सांगलीहून चेन्नईला आले, तेव्हा पहिल्याच सकाळी लिफ्टमध्ये हे बघितलं. म्हटलं, झालं, शेजार तर छान मिळाला!

मामा तंजावरकडचे मराठी. बोलणं म्हणजे जुन्या बखरीला तमिळ हेल. "आपण कोठून आलांत? सांगलीस पाऊस बरा जाहला कां?" आणि उत्तर ऐकलं की "सेरी, सेरी", म्हणजे बरं बरं. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात इन्स्पेक्टर होते. रिटायर झाले, पण तपासणी सुटली नाही. खांद्याच्या पिशवीत टेप, गवंड्याची पाणसळ आणि वही कायम. माझ्या जेवणाच्या टेबलावर पाणसळ ठेवून म्हणाले, "रिजेक्ट." पुरणपोळी दिली, ती उजेडात धरून बघितली. "कांठ जाड. रिजेक्ट." खाल्ल्या मात्र चार.

एकदा न राहवून मी विचारलंच, "मामा, हे तांदळाचं काय?"

"एक्कावन्न किलो. आमच्या कुटुंबाचं वजन."

कुटुंब म्हणजे मामी. संधिवातानं त्यांचे पाय गेले होते, जीभ मात्र ठणठणीत. एका लग्नाच्या हॉलला पायऱ्या होत्या, तेव्हा चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर नेलं. घरी येऊन मामी म्हणाल्या, "मी काय कपाट आहे कां, चौघांनी उचलायला? कोणी हात न लावतां जाईन, तेथेंच मला नेणें." त्यानंतर आठ महिने त्यांनी उंबरा ओलांडला नाही. पूर्वी रोज संध्याकाळी तळ्यावर जायच्या. आता तळं दोन गल्ल्या पलीकडे, आणि मामी खिडकीशी समोरच्यांची धुणी बघत.

बागेत व्हीलचेअरसाठी नवी वाट झाली होती. तसा बोर्डही होता. तुम्ही-आम्ही बोर्डावर विश्वास ठेवला असता. मामा म्हणाले, "चित्र काढलें म्हणजे रस्ता जाहला कां?" एक फूट चढायला बारा फूट उतार हवा, इथे नऊच. रिजेक्ट. फाटकातला खांब अडतो. रिजेक्ट. शौचालयाचं दार आत उघडतं, खुर्ची वळणार कशी? रिजेक्ट. मामांनी इतकी पत्रं पाठवली, की शेवटी इंजिनिअर स्वतः आला. मामांनी वाद घातला नाही. तांदूळ त्याच्या हातात दिले. "आपण ढकला." दुसऱ्या फेरीत बिचाऱ्याचा शर्ट घामानं भिजला, आणि पुढच्या दोन महिन्यांत सगळं दुरुस्त झालं.

त्यानंतरच्या रविवारी मामांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, "पास."

मामी मोरपंखी रेशमी साडी नेसल्या, गजरा माळला. कोणाचाही हात न लागता आम्ही थेट पाण्याच्या कठड्यापर्यंत गेलो. मामा नुसते फुलून गेले होते. "कसें आहे?"

"बरें आहे. वारा गार आहे."

पाव तास असाच गेला. मग मामींचा पदर चाकात अडकला, तो सोडवायला मामा खाली वाकले. त्यांचं डोकं मामींच्या डोक्याशी आलं, आणि ते तसेच थांबले.

"तुला काय दिसते?"

"सांगितलें कीं, वारा गार आहे."

"दिसते काय, विचारलों."

मामी पदर सावरत म्हणाल्या, "पाइप. रंग बरा दिला आहे."

कठड्याचा आडवा पाइप बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्याच्या खाली जाळी. मामांचं मन मोडू नये म्हणून बाई पाव तास पाइप बघत होती!

"अय्यो," मामा म्हणाले. "अस्की मापं, एकूण एक, घेतली. तांदळाला डोळे नसतात, हें ध्यानांतच आलें नाही." वही काढून त्यांनी काहीतरी लिहिलं. मी डोकावले. 'इन्स्पेक्टर: रिजेक्ट.'

दुसऱ्या दिवशी सहाला माझ्या दाराची बेल. खुर्ची होती, तांदूळ नव्हते. "तूं ढकल. मी बसतो."

कठड्याकडेनं मी ढकलत निघाले. दर दहा फुटांवर मामा म्हणत, "पाइप." पुन्हा, "पाइप." फिरायला आलेले लोक बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी पंपघराच्या मागे कठडा संपला. तिथे गुडघ्याएवढी भिंत, आणि पुढे नुसतं पाणी. पाणकावळे पंख वाळवत बसले होते. मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पास लिहू का, मामा?"

"तूं कोण लिहिणार? मीही नाही. इन्स्पेक्टर घरी बसली आहे."

संध्याकाळी मामींना तिथेच आणलं. मामा पेन्सिल घेऊन खुर्चीमागे उभे. मामींनी पाणी बघितलं, पक्षी बघितले, डोळे पुसले, आणि मान न वळवता म्हणाल्या, "रिजेक्ट."

मामांचा चेहरा उतरला. "आतां काय राहिलें?"

"तुम्ही मागें उभे. एकटीनें काय बघूं? येथें बसा."

मामा गुमान भिंतीवर मामींच्या शेजारी बसले. भिंतीला पाणसळ लावायचंसुद्धा विसरले.