बिनकॅरिअरची सायकल

साळवेकाका चोर नव्हते. ते फक्त सायकलींची कॅरिअर काढायचे. दुपारी सोसायटी झोपली की खाली पार्किंगमध्ये जायचे, खिशातला पाना काढायचे आणि पोरांच्या ज्या सायकलीला कॅरिअर दिसेल ते उतरवून मालकाच्या दारात ठेवायचे. नट-बोल्ट एकदाही हरवले नाहीत. ते वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून, प्रसाद ठेवावा तसे वर ठेवलेले असायचे.

यावर सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरींनी आवाज चढवला, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "सायकल हाय का हमाल? आधी ते ठरवा, मंग माझ्यावर ठराव करा." ठराव झाला. दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरींच्या नातवाच्या सायकलीचं कॅरिअर त्यांच्या दारात होतं.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. लग्न केलं नव्हतं, एकटेच राहायचे. शहरात उड्डाणपूल झाले, दारोदारी मोटारी आल्या, तरी काका आपले सायकलवर आणि रस्त्याच्या मधोमध. मागून कुणी हॉर्न वाजवला की वळून विचारायचे, "लई घाई हाय का? मंग कालच निघायचं."

आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो ते टँकरच्या वर्षांत. उस्मानपुऱ्यातलं भाड्याचं घर सोडून बायपासच्या पलीकडे स्वतःचा फ्लॅट घेतला होता. बिल्डरने कमान दिली, कारंजं दिलं, फक्त नळाला पाणी द्यायचं राहून गेलं. त्यात पाऊस रुसलेला. टँकर आला तरी कोपऱ्यावरच थांबायचा, कारण पुढचा रस्ता ड्रेनेजसाठी खोदून ठेवलेला. तिथून कॅन भरून घरी आणायचे. मी कंपनीच्या बसने वाळूजला जाणारा माणूस, त्यामुळे घरात वाहन येणार होतं ते एकच, मुक्ताची सायकल.

मुक्ता माझी मुलगी, तेव्हा नववीत होती. शाळेच्या सायकलिंगच्या संघात जायचं तिने मनावर घेतलं होतं आणि त्यासाठी तिला खाली वाकलेल्या हँडलची, बारीक टायरची रेसिंग सायकल हवी होती. महागातली नको, पण तसलीच. मी कबूल झालो. मनात म्हटलं, सकाळी सराव करील, संध्याकाळी पाणी आणील. हा बेत मी बायकोलाही सांगितला नव्हता, पण काकांना कसा कोण जाणे वास लागला. "म्या येतो दुकानात," ते म्हणाले आणि चपला घालून उभेच राहिले.

पैठण गेटच्या दुकानात मी सायकल निवडली ती मुलांचे बूट निवडतो तशी, म्हणजे एक माप मोठी. म्हटलं, वाढतं अंग आहे, कॉलेजपर्यंत पुरेल. काकांनी मुक्ताला दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं केलं. तिच्या टाचा अधांतरी राहिल्या.

"हिला आज चालवायचीय का कालिजात गेल्यावर?" त्यांनी मला विचारलं.

मग ते लहान मापाच्या सायकली तपासायला लागले. मालक बिचारा गिअर दाखवत होता, ब्रेक दाखवत होता. काका खाली बसून मागच्या चाकाजवळ बोट फिरवत होते. एक नापसंत केली, दुसरी नापसंत केली.

"चाचा, ढूंढ क्या रहे?" मालकाला राहवेना.

"भोक. कॅरिअर बसवायचं भोकच नसलेली पायजे."

"अरे चाचा, कॅरिअर फ्री में देतूं. नक्को कायकू बोलते?"

"फुकट दिला म्हणून धोंडा गळ्यात बांधून घेऊ का?"

शेवटी तशी एक निघाली. निळी. तिच्यावर मुक्ताचे पाय नीट जमिनीला टेकले आणि ती जी हसायला लागली ती घरी येईपर्यंत हसत होती. स्टँडसुद्धा काकांनी घेऊ दिला नाही. मी म्हटलं, मग ही उभी कशी करायची? काका म्हणाले, "बिल्डरनं एवढ्या भिंती कशाला बांधल्यात?"

खाली पार्किंगमध्ये त्यांनी सायकल मुक्ताच्या अंगाबरोबर केली. पेडल खाली, त्यावर टाच, पाय सरळ झाला की सीटची उंची ठरली. सीट सपाट आहे का बघायला अर्धी भरलेली पाण्याची बाटली तिच्यावर आडवी ठेवली. सायकलीवर पाणी ठेवायची परवानगी काकांनी दिली ती तेवढीच. हँडल धरून मुक्ता वाकली तशी माझी बायको म्हणाली, "अहो काका, पोरगी अशी ओणवी जाणार का रस्त्यानं?"

"रस्ता बघायला बसती ती, वहिनी. रस्त्याला दाखवायला नाय."

मे महिन्यात मात्र टँकरचा भरवसाच उरला नाही. एका संध्याकाळी तो आला, तेव्हा मुक्ता सरावाला निघाली होती. मी तिला कोपऱ्यावर अडवलं. भरलेला कॅन दोरीने सायकलीच्या दांडीला बांधला आणि म्हटलं, पाणी वर नेऊन टाक, मग जा. ती नुसती दोरीकडे बघत राहिली.

तेवढ्यात काका आले आणि गाठ सोडायला लागले.

"काका, पुरे झालं हं," मी भडकलो. "पाण्यावाचून मरायचं का आम्ही?"

"मरू नगंस. पाणी आण. पण सायकल तिची हाय." मुक्ताला म्हणाले, "तू जा गं, उशीर करायलीस." आणि तो कॅन त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतला. त्या वयात. मी मागे धावलो, पण ते देईनात. जिन्यात दम लागला तेव्हा कुठे खाली बसले.

"आमच्या अक्काला शाळेतनं सायकल भेटली व्हती," घाम पुसत म्हणाले. "पयली आली म्हणून. लई जोरात चालवायची. मंग दुष्काळ पडला. बापानं कॅरिअर आणलं, घागरी बांधायला. बोल्ट म्या आवळले. पाना हातात घ्यायची लई हौस व्हती मला."

"मग अक्कांची शाळा?"

"शाळा म्या शिकलो."

कॅन मी उचलला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरी पाणी येतं ते माझ्या खांद्यावरून. बसमध्ये सगळे माझ्या वाकड्या मानेची चौकशी करतात.

मुक्ता संघात आली. त्यानंतर एकदा फर्दापूरहून अक्का काकांकडे आल्या. काकांनी त्यांना हाताला धरून पार्किंगमध्ये आणलं. मी कॅन घेऊन जिन्याशी पोचलोच होतो. अक्कांनी निळ्या सायकलीवरून हात फिरवला. सीटच्या मागे तो हात मोकळ्या जागेत थांबला.

"हिला मागं काय नाय व्हय?"

"नाही, आजी," मुक्ता म्हणाली.

"मंग पाणी कशावर आणता?"

मुक्ताने माझ्याकडे बोट दाखवलं. "बाबांवर."

अक्का मनापासून हसल्या. "बेस केलं," म्हणाल्या. "चालवून दाखव मला. जोरात."

मुक्ता निघणार तेवढ्यात काका खाली बसले आणि खिशातून पाना काढून सीटचा बोल्ट आवळायला लागले. तो त्यांनी सकाळीच आवळला होता. अक्कांनी त्यांच्या टकलावर हात ठेवला.

"पुरं कर रे आता. घट्ट हाय तो."

काकांनी मान वर केली नाही. पाना फिरवतच राहिले.