होभाऊंचे अडकलेले मेसेज

"बाबा, सगळं जसंच्या तसं आलंय बघा," म्हणत मुलीने नवा फोन वडिलांच्या हातात ठेवला. "फोटो, नंबर, मेसेज. काही म्हणजे काही राहिलं नाही."

होभाऊंनी फोन उलटसुलट करून पाहिला. फर्निचरच्या दुकानात ते बावीस वर्षं खुर्च्या विकत होते आणि मालकाच्या प्रत्येक वाक्याला 'हो' म्हणत होते, म्हणून तिथे सगळे त्यांना होभाऊच म्हणत. जुना फोन त्यांना सोडवत नव्हता. पण त्याची बॅटरी आंघोळ उरकेपर्यंतही टिकेना, तेव्हा मुलीपुढे त्यांचं काही चाललं नाही.

"आणि ते लाल खूण पडलेले मेसेज होते ना, अडकलेले? तेही पाठवून टाकले मी. या फोनवरून पटापट गेले."

होभाऊ मटकन खाली बसले.

जुन्या फोनला लांबलचक मेसेज झेपत नसे. चार ओळींच्या वर गेलं की शेजारी लाल खूण उमटे आणि मेसेज तिथेच पडून राही. हे ध्यानात आल्यापासून होभाऊंची मोठी सोय झाली होती. कोणाचा राग आला की ते मन मोकळं होईपर्यंत लिहीत, ऐटीत 'पाठवा' दाबत आणि लाल खूण दिसली की समाधानाने चहा पीत. जगाला खडसावल्याचं सुख मिळे आणि जगाला पत्ताही लागत नसे.

"कुणाकुणाला गेले?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"मामाला, वरच्या काकूंना... आणि तुमच्या दुकानाच्या ग्रुपवर एक भला मोठा गेलाय."

"परत घे!"

"आता कुठला परत? सगळ्यांनी वाचलासुद्धा."

तेवढ्यात बेल वाजली. दारात मेहुणा उभा होता. 'एका दिवसासाठी' म्हणून तीन वर्षांपूर्वी नेलेलं ड्रिल मशीन त्याने उंबऱ्यात आदळलं. "'मशीन नेलंस तशी भिंतही घेऊन जा,' असं लिहायची काय गरज होती, दाजी? नुसतं मागायचं!" पाणीही न पिता तो तरातरा जिना उतरून गेला.

वरच्या काकू रोज या वेळेला पलंग सरकवत. आज वरून चकार आवाज येत नव्हता. होभाऊंना त्या शांततेचीच जास्त धास्ती वाटली.

बायको चष्मा लावून दुकानाच्या ग्रुपवरचा मेसेज मोठ्याने वाचू लागली. "'मालक, खुर्च्यांच्या दुकानात आम्ही दिवसभर उभे. गिऱ्हाइकाला सांगतो, बसून बघा, पाठीला केवढा आराम. त्याने विचारलं, तुम्ही बसून पाहिलंय का, तर काय सांगू? बावीस वर्षांत आमचं बूड एकाही खुर्चीला लागलेलं नाही. कुशनला डाग पडेल म्हणता. आम्ही माणसं आहोत, शाईच्या दौती नाही!'" तिने मान वर केली. "अहो, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"तुम्ही?"

"जाणार नाही याची खात्री होती गं, म्हणून लिहिलं!"

फोन टिंगटिंगला. मालकांचा मेसेज होता: 'सकाळी दुकान उघडताना भेटा.' तिघांनीही तो एकेकदा वाचला.

"फोन बिघडला होता म्हणा," मुलगी म्हणाली. "नाहीतर माझं नाव सांगा. दाबलं मीच ना?"

होभाऊंनी लिहिलं, 'मालक, क्षमा असावी.' एवढासा मेसेज. क्षणात पोचला असता. बोट बटणावर नेता नेता त्यांचं लक्ष आपल्या पायांकडे गेलं. पोटऱ्यांवर निळ्या शिरा सुतळीच्या गाठींसारख्या वर आल्या होत्या. त्यांवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी एकेक अक्षर पुसून टाकलं.

"चुकून गेला हे खरं," ते म्हणाले. "पण लिहिलंय त्यात काही चूक नाही."

"नोकरी गेली म्हणजे?" मुलीने विचारलं.

"जाऊ दे," बायको म्हणाली. "घरी तरी बसायला मिळेल."

सकाळी मालकांची गाडी यायच्या आत होभाऊ दुकानात शिरले आणि दर्शनी काचेजवळच्या सगळ्यात महागड्या आरामखुर्चीत जाऊन बसले. प्लॅस्टिकचं कव्हर कराकरा वाजलं. छाती धडधडत होती, पण पाठ म्हणत होती, वा! गाद्या विकणाऱ्या ताईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या पलंगावर टेकल्या. पॉलिशवाल्याने स्टूल ओढलं. माल पोचवणारा ड्रायव्हर तर सोफ्यावर ऐसपैस पसरला.

मालक आत आले आणि जागच्या जागी थबकले.

"होभाऊ, उठा."

"नाही, मालक."

आपल्याच तोंडून 'नाही' ऐकून होभाऊ दचकले. पण बरं वाटलं, म्हणून त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं. "नाही. काढून टाकायचं तर टाका. मी बसूनच ऐकतो."

मालकांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी तोंड उघडलं, तोच दार ढकलून एक जोडपं आत आलं. गिऱ्हाइकापुढे तमाशा नको. मालकांनी ओठ मिटून घेतले. दुकानात उभे असे ते एकटेच होते, त्यामुळे त्या बाई सरळ त्यांच्याकडेच वळल्या.

"ती, त्या साहेबांच्या खालची आरामखुर्ची दाखवता का जरा?"

मालक खुर्चीपाशी आले. मग ते वाकून लाकडाबद्दल, कुशनबद्दल, पाठीच्या आधाराबद्दल सांगू लागले. बाईंनी खुर्चीच्या चारी बाजूंनी फेऱ्या मारल्या, मालक त्यांच्यामागे फिरले. मग नवऱ्याला दुसरा रंग हवासा वाटला, तेव्हा मालक गोदामात जाऊन आले. बोलता बोलता ते एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकू लागले.

अखेर खुर्ची पसंत पडली. नवऱ्याने होभाऊंसमोर येऊन आदराने मान झुकवली.

"मालक, तुमचा माणूस फार छान समजावून सांगतो हो. बऱ्याच वर्षांपासून आहे वाटतं?"

होभाऊंनी रुमालाने कपाळ टिपणाऱ्या मालकांकडे एकवार पाहिलं आणि पाठ आणखी जरा मागे टेकवली.

"छे हो," ते म्हणाले, "आजच उभा राहिलाय."